पाचव्या कुटीची घंटा

“...पण घंटा वाजली होती ना, अक्का? तेवढं तरी मान्य कराल की नाही?”

अक्का बँडेजच्या पट्ट्या गुंडाळत होत्या. त्यांनी हातातली पट्टी पुरी केली, टोक आत खोचलं, डब्यात ठेवली.

“वाजली,” त्या म्हणाल्या.

“मग माझं काम मी केलं होतं.”

“केलं होतंस.”

“मग...”

पुढचं वाक्य शार्दूलला सापडेना. दहा दिवस तो हेच वाक्य शोधत होता. जेवताना शोधत होता, झाडताना शोधत होता. आज तात्यांचा दहावा होता. खाली ओढ्याकाठी गुरुजी पिंडाची तयारी करत होते आणि तासाभरात त्यांच्या मुलीला, मालनताईंना उत्तर द्यायचं होतं.

त्यांनी काल सरळच विचारलं होतं. “आबांनी बटन दाबलं हुतं का न्हाई, तेवढं सांगा मला. बाकी माजं काय बी म्हननं न्हाई.”

“बघून सांगतो,” असं म्हणून शार्दूल तिथून सटकला होता. बघण्यासारखं काही नव्हतं. तात्या गेले त्याच दिवशी त्यानं सगळं बघितलं होतं.

हरणटेकच्या मठात गादी नाही आणि महाराजही नाहीत. उतारावर पाच कुट्या, त्यांत शेवटची वर्षं काढायला आलेली पाच म्हातारी माणसं. वर दवाखाना, आणि दवाखान्यात अक्का. इंदुमती बिडवे हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते कुणी घेत नाही. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडले आणि मग इथे आल्या. उपदेश कधी करत नाहीत. तरी लोक लांबून विचारायला येतात आणि बहुतेक जण तोंड पाडून परत जातात.

शार्दूल ठोंबरे परत गेला नव्हता. आठ महिन्यांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून तो आला, नोकरीतला ताठा मात्र न विसरता बरोबर घेऊन आला. मोठमोठ्या कंपन्यांची नेटवर्कं त्यानं उभी केली होती. अनुग्रह हवा होता त्याला. अक्का म्हणाल्या होत्या, “आधी घंटा लाव.”

पाच कुट्यांना पाच घंटा. रात्री-अपरात्री, भर दुपारी कुणाला काही झालं तर खाटेवरून बटण दाबायचं आणि वर दवाखान्यात वाजलं पाहिजे. एवढंच काम. शार्दूलला ते इतकं किरकोळ वाटलं की तो मनातल्या मनात हसला होता.

“चार वेळा वाजली,” तो आता म्हणाला. “तीन वाजून चार मिनिटांनी पहिली. तीन पंधराला शेवटची. नोंद आहे.”

“म्हणजे किती?”

“अकरा मिनिटं.”

“हं.”

अक्कांनी दुसरी पट्टी घेतली.

“कुणाची वाजली?”

“तात्यांची. पाचवी कुटी.”

“ते आज माहीत आहे आपल्याला. त्या दिवशी स्क्रीनवर कुणाचा पत्ता आला?”

शार्दूल खिडकीबाहेर बघू लागला. खाली उतारावर पाचव्या कुटीचं दार बंद होतं. सगळ्यात लांबची कुटी ती.

“खालच्या मशीनचा,” तो म्हणाला.

“पहिल्या वेळी?”

“खालच्या मशीनचा.”

“दुसऱ्या?”

“अक्का, चारही वेळा खालच्या मशीनचाच. माहीत आहे तुम्हाला.”

“मला माहीत आहे. तू सांग.”

हे खालचं मशीन म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. मठाकडे दानात आलेले दोन जुने कॉम्प्युटर होते, दोन्ही लिनक्सवर चालणारे. एक वर, अक्कांच्या टेबलावर. दुसरा खाली जुन्या गोठ्यात, कारण कुट्यांच्या वायरी तिथवरच पोचत होत्या. दोघांच्या मध्ये दोनशे फुटांची एकच वायर, याच्या पाठीतून निघून थेट त्याच्या पाठीत. दुसरं काही नाही. लहान पोरानं दोन काडेपेट्यांना दोरा बांधून फोन करावा, इतकी साधी गोष्ट.

कुट्यांसाठी शार्दूलनं आठ पत्त्यांची, म्हणजे नेटवर्कमधल्या घरनंबरांची, एक चिमुकली आळी पाडली. सबनेट म्हणतात तिला. आठातला पहिला आणि शेवटचा पत्ता कुणाला राहायला देत नाहीत. उरले सहा. एक खालच्या मशीनचा, पाच कुट्यांचे. माप असं बेतलं होतं की एक पत्ता वाया गेला नाही. शार्दूलला त्याचाही अभिमान होता. माणसाला कशाचाही अभिमान होतो.

घंटेच्या पेट्या स्वस्तातल्या होत्या. ‘दाबलं’ एवढंच त्या वर कळवत. कुणी दाबलं ते पत्त्यावरून ओळखायचं. म्हणून अक्कांनी आधीच आपल्या मशीनवर यादी करून ठेवली होती. या पत्त्याला हे नाव, त्या पत्त्याला ते.

“पहिल्या दिवशी काय झालं होतं?” अक्कांनी विचारलं.

“काहीच वाजलं नव्हतं.”

“का?”

“परतीचा रस्ता नव्हता.”

“कुणाच्या मशीनवर?”

“...तुमच्या.”

झालं होतं ते असं. दुसऱ्याचं टपाल पुढे द्यायची सवय या मशीनला उपजत नसते, ती लावावी लागते. शार्दूलनं ती खालच्या मशीनला लावली होती. कुट्यांची हाक वर पोचत होती. वरचं मशीन ऐकतही होतं. पण त्याला वायरचं दुसरं टोक तेवढं ठाऊक. टोकाच्या पलीकडे आठ पत्त्यांची एक आळी आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ‘बोल, ऐकतोय’ हे उत्तर कुठे धाडायचं ते त्याला कळेना. आणि ‘बोल’ ऐकल्याशिवाय पेटी बोलत नाही.

उपाय एका ओळीचा होता. वरच्या मशीनवर लिहायचं की त्या आठ पत्त्यांकडे जायचं असेल तर खालच्या मशीनकडून जा.

एक ओळ.

“ती ओळ लिहायला तू वर का आला नाहीस?”

शार्दूल टेबलावरची धूळ बोटानं पुसू लागला.

“गोठ्यापासून इथवर पायऱ्या किती?”

“बासष्ट.”

“दमला होतास?”

“नाही.”

“मग?”

खरं उत्तर त्याच्या जिभेवर होतं आणि ते इतकं घाणेरडं होतं की त्याला ते गिळताही येईना, थुंकताही येईना. वर यायचं म्हणजे अक्कांच्या खुर्चीशी उभं राहायचं. त्यांचा पासवर्ड मागायचा. ‘अक्का, अडलोय, तुमच्या मशीनवर एक ओळ लिहू का?’ असं विचारायचं. टेलिफोनच्या खुंट्या खोचण्यात जन्म गेलेल्या बाईला! नाकावर माशी बसू न देणारा गडी तो. त्यानं गोठ्यात बसूनच दुसरी वाट काढली.

“मी माझ्याच मशीनवर सोय केली,” तो म्हणाला. “कुठल्याही कुटीची हाक निघाली की तिच्यावरचा पत्ता पुसायचा आणि खालच्या मशीनचा घालायचा. तो पत्ता तुमच्या मशीनला ठाऊक. उत्तर बरोबर येतं. मास्करेड म्हणतात त्याला.”

“म्हणजे?”

“सोंग.” आवाज त्याचाच होता, पण त्याला तो परका वाटला. “पाचही जण एकाच्या नावानं बोलतात.”

“कुणाच्या?”

“...माझ्या.”

अक्कांच्या हातातली पट्टी थांबली. मग पुन्हा फिरू लागली.

पाचही घंटा वाजल्या होत्या त्या दिवशी. शार्दूलनं खालून एकेक दाबली, वर एकेक वाजली आणि त्यानं फोनवर विचारलं, “वाजली ना, अक्का?” “वाजली,” अक्का म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, “नाव नाही दिसत.” “ते नंतर बघू,” शार्दूल म्हणाला. आता त्याला आठवलं, त्या वेळी तो शीळ घालत होता.

तात्या पांचाळांनी तर त्याला आधीच सांगितलं होतं. तात्या सुतार. मठाचं सगळं लाकूडकाम त्यांच्या हातचं. प्रत्येक बटणाला त्यांनी सागवानी चौकट करून दिली होती, खाटेवरून हात पुरेल इतक्या उंचीवर स्वतः ठोकली होती, आणि पटाशीनं त्यावर आकडे कोरले होते. एक, दोन, तीन, चार, पाच.

“आकडे कशाला, तात्या?” शार्दूल हसला होता. “नंबर लाकडावर नसतो. नेटवर्कमध्ये असतो.”

“आसंल बाबा,” तात्या म्हणाले होते. “मी आपला माज्यापरीनं घातला.”

लाकडावरचा नंबर तसाच राहिला. नेटवर्कमधला शार्दूलनं पुसला होता.

“बेबी कशी धावली, माहीत आहे तुला?” अक्कांनी विचारलं.

माहीत होतं. त्या दुपारी अक्कांना ताप होता, त्या आतल्या खोलीत पडून होत्या. दवाखान्यात मदतनीस बेबीताई एकटी. घंटा वाजली. स्क्रीनवर खालच्या मशीनचा पत्ता. बेबीताई पायऱ्या उतरून आधी गोठ्यात गेली. गोठ्यात कुणी नाही. मग पहिली कुटी. तिथल्या आजी झोपलेल्या, त्यांना हलवून उठवलं. मग दुसरी. दुसऱ्या कुटीतल्या आजोबांना ऐकू कमी येतं, त्यांना विचारून खात्री करण्यात दोन मिनिटं गेली. तेवढ्यात वर पुन्हा घंटा वाजली. ती पुन्हा वर पळाली, न जाणो आता तरी नाव आलं असेल. नाव आलं नव्हतं. पुन्हा खाली. तिसरी, चौथी...

बेबीताईचं वय छप्पन्न. त्या दिवसापासून ती कुणाशी धड बोलत नाही. “मी उलट्या बाजूनं का न्हाई सुरू केलं?” एवढंच मधूनच म्हणते. तिला कुणी काही म्हटलेलं नाही, आणि शार्दूलनं तर तिच्याकडे बघणंच सोडलंय.

शेवटची घंटा वाजली त्याच मिनिटाला ती पाचवीत पोचली, तेव्हा तात्यांचा हात बटणावर होता. अंग गरम होतं. बाकी काही नव्हतं.

“डॉक्टर म्हणाले, लवकर पोचलं असतं तरी कदाचित...” शार्दूल म्हणाला.

“कदाचित काय?”

“कदाचित उपयोग झाला नसता.”

“आणि कदाचित?”

“...झाला असता.”

अक्कांनी डब्याचं झाकण लावलं.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इतकं सगळं कबूल करूनही शार्दूलच्या आत काहीतरी फणा काढून उभं राहिलं. दहा दिवस आत कोंडलेलं होतं ते.

“पण तुम्हाला कळलं कसं नाही?” तो एकदम मोठ्यानं म्हणाला. “रोज तुम्ही या स्क्रीनसमोर बसता! माझं चुकलं, मान्य. पण एकोणपन्नास दिवस घंटा वाजत होत्या. कुणी चुकून दाबायचं, कुणी पाण्यासाठी दाबायचं. दर वेळी एकच पत्ता. तुम्हाला एकदाही कळलं नाही?”

“कळलं होतं.”

शार्दूलनं वळून त्यांच्याकडे बघितलं.

“पहिल्याच दिवशी कळलं होतं,” अक्का म्हणाल्या. “यादीतलं एकही नाव वर येईना. मी म्हटलंही तुला. तू म्हणालास, नंतर बघू.”

“मग पुन्हा का नाही बोललात?”

अक्कांनी चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा लावला नाही, हातातच धरला.

“तू विचारायला येशील म्हणून बसले होते.”

त्यांनी चष्म्याची काडी मिटली.

“मला वाटलं, पोरगा ताठ आहे. एक दिवस पायऱ्या चढून येईल, म्हणेल, अक्का, अडलं. त्या दिवशी तुझा अनुग्रह होणार होता. मी वाट बघत होते त्या दिवसाची.”

“एकोणपन्नास दिवस?”

“एकोणपन्नास दिवस. मलाही बासष्टच पायऱ्या होत्या, शार्दूल.”

बाहेर कुणीतरी बादली आपटली. शार्दूलला अक्कांचा संताप आला, मग त्यांची कीव आली, मग स्वतःची लाज वाटली. शेवटी यातलं काहीच उरलं नाही, नुसतं भय उरलं. आजवर त्याला वाटत होतं की चुकणारे आपण आणि सावरणाऱ्या अक्का. तो आधारही आता गेला.

“ऊठ,” अक्का म्हणाल्या. “बस इथे.”

त्यांनी स्वतःची खुर्ची रिकामी केली. पासवर्ड सांगितला. तो इतका सोपा होता की एरवी शार्दूलनं टोमणा मारला असता.

त्यानं आधी इथूनच खालच्या मशीनवरचं सोंग पुसलं. मग वरच्या मशीनवर ती ओळ लिहिली. त्या आठ पत्त्यांकडे जायचं तर खालच्या मशीनकडून. लिहायला अर्धं मिनिटही लागलं नाही. तेच त्याला सहन होईना. तास-दोन तास लागले असते तर बरं झालं असतं.

“झालं,” तो म्हणाला.

“तोंडी सांगितलंस त्याला. वीज गेली की विसरेल.”

खरं होतं. घाईत तो तेही विसरत होता. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं की तोंडी सांगितलेला रस्ता पुसला जातो. फाइलमध्ये लिहिलेला राहतो. त्यानं फाइल उघडून ओळ आत घातली. दोन वेळा चुकलं.

अक्कांनी फोन उचलला. “बेबी, खाली आहेस ना? पाचवीत जा. बटण दाब.”

पलीकडून “मी नको, अक्का,” असं आलं.

“जा गं. एकदाच.”

दोघं स्क्रीनकडे बघत थांबले. पाचव्या कुटीचं दार उघडताना वरून दिसलं. मग घंटा वाजली आणि स्क्रीनवर अक्कांनी कधीची लिहून ठेवलेली ओळ आली.

कुटी पाच. तात्या पांचाळ.

शार्दूलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतक्या दिवसांत त्याला रडू आलं नव्हतं. आता आलं तेही ओरडल्यासारखं, एकच. मग थांबलं.

“हे नाव... काढू का यादीतून?”

“राहू दे.”

“अक्का, मालनताईंना काय सांगू?”

अक्का भिंतीला टेकवलेली काठी शोधत होत्या.

“एक्स्चेंजमध्ये आम्हाला एक नियम होता,” त्या म्हणाल्या. “पलीकडच्या माणसाला नुसती घंटा नाही द्यायची. आधी सांगायचं, कुठून कोण बोलतंय. मग जोडायचं. माणसं घाबरायची ट्रंक कॉलला. बातमी वाईटच असायची बहुतेक. पण कुणाची आहे ते आधी कळलं की माणूस नीट उभा राहून ऐकायचा.”

“म्हणजे मी...”

“चल.”

“तुम्ही? गुडघे...”

दोन वर्षांत अक्का खाली उतरल्या नव्हत्या. त्या पहिल्या पायरीवर बसल्या, काठी खाली टेकली, उठल्या. मग दुसरी. शार्दूलनं हात पुढे केला, त्यांनी तो धरला. बासष्ट पायऱ्यांना पाऊण तास लागला. एकदा अक्कांचा पाय लटपटला तेव्हा त्या तोंडातल्या तोंडात “आई गं” म्हणाल्या.

ओढ्याकाठी जांभळाखाली सगळे बसले होते. कुट्यांमधली चार म्हातारी माणसं सतरंजीवर. बेबीताई एका कडेला. केळीच्या पानावर पिंड मांडले होते आणि वर फांदीवर कावळा होता.

कावळा शिवत नव्हता.

मालन पानापासून चार हात लांब हात जोडून उभी होती. तात्यांना मुलगा नाही, म्हणून सगळं तिनंच केलं होतं. पंचेचाळिशीची, उन्हानं रापलेली बाई. डोळे कोरडे होते. कावळा शिवत नाही तेव्हा गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय म्हणतात. जवळच्यांनी अंदाजानं एकेक वचन द्यायचं असतं. तिचं ते चाललं होतं.

“आबा, धाकटीचं लगीन मी नीट करीन.”

कावळा हलला नाही.

“आबा, तुमचा रंधा, पटाशी, कायबी विकणार न्हाई म्या.”

कावळ्यानं चोच फांदीला घासली.

“मग काय पायजे तुमाला?” ती एकदम म्हणाली. “सांगा की!”

गुरुजींनी सूर्याकडे बघितलं. “अजून कुणाला काही बोलायचं असेल तर बोलून घ्या.”

शार्दूल पुढे झाला. पायऱ्या उतरताना त्यानं सगळं मनात रचलं होतं. आता पानापुढे उभं राहिल्यावर रचलेलं सोडून भलतंच बाहेर आलं.

“तात्या... मठाकडून काही चूक झाली असेल, यंत्रात काही दोष राहिला असेल, तर...”

“मठाला बोटं नसतात.”

अक्कांचा आवाज मागून आला. मोठा नव्हता. एक्स्चेंजमधला असावा, सपाट आणि स्पष्ट.

“नाव सांगून बोल.”

सगळ्यांनी वळून बघितलं. शार्दूलनं नाही बघितलं. त्याला वाटलं, पळावं. ओढ्याच्या पलीकडे डांबरी रस्ता होता, रस्त्यावर एसटी थांबते. त्यानं तो रस्ता डोळ्यांनी मोजला आणि मग पानाकडे बघितलं.

“मी शार्दूल ठोंबरे,” तो म्हणाला. “तात्या, तुम्ही बटण दाबलंत. चार वेळा दाबलंत. वर घंटा वाजली, पण तुमचं नाव वर गेलं नाही, कारण ते मी पुसलं होतं. अक्कांच्या मशीनवर एक ओळ लिहायला हवी होती. मला विचारायला कमीपणा वाटला. म्हणून मी सगळ्यांच्या हाकेवर माझं नाव लावलं. बेबीताईंना तुमची हाक माझी वाटली. त्यांचं काहीही चुकलं नाही.”

सतरंजीवरच्या आजींनी तोंडाला पदर लावला. बेबीताई जागच्या जागी खाली बसली.

मालन पुढे आली. त्याच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. मारते आता, असं त्याला वाटलं. मारलं असतं तर त्याला हलकं वाटलं असतं.

“किती येळ?” तिनं विचारलं. “पैल्या बटनापासनं बेबीमावशी पोचंपतूर. किती येळ?”

“अकरा मिनिटं.”

मालननं बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं.

“अकरा मिनटांत मी धा भाकरी थापते,” ती म्हणाली.

काठीचा आवाज आला. अक्का पानापुढे येऊन उभ्या राहिल्या. हात जोडायला काठी सोडावी लागली असती; त्यांनी काठी सोडली. शार्दूलनं सावरायला हात पुढे केला, त्यांनी तो बाजूला केला.

“मी इंदुमती बिडवे,” त्या म्हणाल्या. “तात्या, मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मी बोलले नाही. याला धडा मिळावा म्हणून थांबले होते.”

एवढंच. मालननं त्यांच्याकडे बघितलं नाही आणि शार्दूलकडेही बघितलं नाही. ती झाडाकडे बघत होती.

कावळा उडाला. सगळ्यांच्या माना वर झाल्या. तो एक फांदी खाली आला, तिथे बसला आणि तिथेच बसून राहिला.

ऊन चढलं होतं. पिंडावरचं पाणी सुकत आलं. गुरुजी बऱ्याच वेळा घसा खाकरले. मग त्यांनी पिशवीतून दर्भाची जुडी काढली आणि बोटांनी मुडपायला घेतली. कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करतात. तो पिंडाला लावला की शिवला असं धरतात आणि मंडळी घरी जातात.

“शास्त्रात सोय आहे,” गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले. “काही दोष नाही त्यात. सगळेच करतात.”

शार्दूल त्यांच्या बोटांकडे बघत राहिला. दर्भाला चोच आली. मग पंख आले.

मालननं डोळे मिटून घेतले होते.

अक्का वाकल्या. एक हात जमिनीला लावला, मग गुडघा, मग दुसरा. कळ त्यांच्या तोंडावर दिसली. ओल्या मातीत, मालनच्या पायाशी, त्या मांडी घालता येत नाही म्हणून पाय पसरून बसल्या.

“दर्भ ठेवा खाली, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “तात्यांनी अकरा मिनिटं वाट बघितली... आम्ही बसतो.”